स्पेनमध्ये घर घेताना पूर्ण किंमत कागदावर आणण्याची कृती

पुण्या-ठाण्यात घर घेतलेल्या माणसाला ‘इतके चेकने, इतके रोख’ ही बोली नवी नाही. रेडी रेकनरच्या आसपासची किंमत खरेदीखतात आणि उरलेली हातावर, हा हिशेब आपल्याकडे बैठकीत उघडपणे होतो. हीच सवय घेऊन माणूस परदेशात घर पाहायला जातो आणि तिथला दलालही खांदे उडवून सांगतो, ‘इथंही असंच चालतं.’

स्पेनमध्ये ते खरोखरच चालत असे. २००८ पूर्वीच्या घरबांधणीच्या तेजीत युरो क्षेत्रातल्या ५०० युरोच्या नोटांपैकी चौथाईच्या आसपास एकट्या स्पेनमध्ये होत्या. लोक त्यांना ‘बिन लादेन’ म्हणत, कारण त्या आहेत हे सगळ्यांना ठाऊक होते, पण पाहिल्या कोणीच नव्हत्या. २००६ मध्ये मार्बेयाचा बांधकाम घोटाळा उघडकीला आला आणि तिथली नगरपालिकाच बरखास्त झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस कायदा आला, की पैसे कोणत्या मार्गाने दिले ते खरेदीखतात लिहिलेच पाहिजे. ५०० ची नवी नोट चलनात आणणे युरोपीय मध्यवर्ती बँकेने २०१९ मध्ये थांबवले. २०२२ पासून तर करासाठी सरकारने स्वतःचे संदर्भ मूल्य आणले. पद्धत मोडली, पण मागणी अजून येते. ती आली तर काय करायचे आणि येऊच नये म्हणून आधी काय करायचे, त्याची ही पायरीवार कृती.

ही कृती जुन्या, म्हणजे आधी कोणाच्या तरी मालकीच्या घरासाठी आहे. बिल्डरकडून घेतलेल्या नव्या घरावर १० टक्के मूल्यवर्धित कर बिलातच लागतो, म्हणून तिथे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. भारतासंबंधीच्या पायऱ्या भारतात राहणाऱ्यांसाठी आहेत. लंडन किंवा दुबईत राहणाऱ्या मराठी माणसाने त्या जागी आपल्या देशाचे नियम तपासावेत.

हाताशी हवेत असे कागद

पासपोर्ट, पॅन आणि गेल्या काही वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे. ज्या पैशातून घर घ्यायचे त्याचा माग, म्हणजे पगार, शेअर विक्री किंवा विकलेल्या जुन्या घराचे कागद. स्वतः जाणार नसाल तर कुलमुखत्यारपत्र आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे प्रमाणीकरणाचा शिक्का. सोबत स्पॅनिश येणारा आणि विकणाऱ्याशी किंवा दलालाशी संबंध नसलेला वकील.

पायरी १ : दलालाकडे जाण्याआधी हिशेब मांडा

अंदालुसियात, म्हणजे मालागा-मार्बेयाच्या प्रदेशात, ३,००,००० युरोंचे घर ठरले असे समजा. विकणारा म्हणतो, ‘कागदावर २,४०,००० लिहू, ६०,००० रोख द्या.’

तुमची बचत काय? जुन्या घराच्या खरेदीवर घेणाऱ्याला हस्तांतरण कर भरावा लागतो. त्याला तिथे आयटीपी म्हणतात. अंदालुसियात तो ७ टक्के, माद्रिदमध्ये ६ आणि काही प्रदेशांत १० टक्के किंवा त्याहून जास्त आहे. ६०,००० लपवल्याने ७ टक्क्यांनी वाचतात ४,२०० युरो.

विकणाऱ्याची बचत काय? स्पेनमध्ये राहणाऱ्याला भांडवली नफ्यावर १९ टक्क्यांपासून वर चढत जाणाऱ्या दराने कर पडतो. म्हणजे ६०,००० वर त्याचे किमान ११,४०० युरो वाचतात, बहुधा त्याहून जास्तच.

आता पुढचे पाहा. काही वर्षांनी तुम्ही हे घर ३,६०,००० ला विकता. खरा नफा ६०,००० आणि अनिवासी म्हणून १९ टक्क्यांनी कर ११,४०० युरो. पण कागदावर तुमची खरेदी २,४०,००० ची आहे. म्हणून नफा १,२०,००० दिसतो आणि कर २२,८०० होतो. विकणाऱ्याने चुकवलेला कर तुमच्या नावावर चढला. आज ४,२०० वाचवून उद्या ११,४०० जास्त भरायचे, असा हा सौदा आहे. त्या वेळी तुमचा ग्राहकही खरी किंमत लिहायचीच म्हणाला, तर सुटकेचा मार्ग उरत नाही.

हा हिशेब कागदावर मांडून खिशात ठेवा. ‘दोघांचाही फायदा’ हे वाक्य ऐकू आले की तो पुढे करा.

पायरी २ : ओळख क्रमांक आणि वकील

परदेशी माणसाला स्पेनमध्ये मालमत्ता घ्यायला एनआयई हा ओळख क्रमांक लागतो. मुंबईतील स्पेनच्या वाणिज्य दूतावासामार्फत किंवा प्रत्यक्ष स्पेनमध्ये तो घेता येतो. क्रमांकाशिवाय झालेला दस्त मालमत्ता नोंदणी कार्यालय नोंदवून घेत नाही.

वकील दलालाने सुचवलेला नको. त्याला पहिल्याच ईमेलमध्ये लिहा : ‘व्यवहाराची पूर्ण किंमत खरेदीखतात येईल आणि पूर्ण रक्कम बँकेतून जाईल. याच अटीवर काम घ्या.’ उत्तरात वकील आढेवेढे घेऊ लागला तर दुसरा शोधा.

कुलमुखत्यारपत्र देणार असाल तर त्यात घराचा पत्ता, नोंदणी क्रमांक आणि किंमत युरोमध्ये स्पष्ट लिहा. ‘योग्य त्या किमतीस’ असे मोघम शब्द ठेवले तर तुमचा प्रतिनिधी तुमच्या पश्चात कमी किमतीच्या दस्तावर सही करू शकतो आणि तो दस्त तुमचाच ठरतो.

पायरी ३ : घराचे दोन उतारे काढा

पहिला नोंदणी कार्यालयाचा. त्याला नोटा सिंपले म्हणतात. मालक कोण, हिस्सेदार किती, बँकेचा बोजा किंवा जप्ती आहे का, हे त्यात दिसते. ऑनलाइन सुमारे १० युरोंत मिळतो. तो दोनदा काढा, एकदा विसार देण्यापूर्वी आणि एकदा खरेदीखताच्या आदल्या दिवशी.

हिस्सेदार आणि भाडेकरू यांची चौकशी इथेच करा. स्पेनमध्ये सहमालकाला आणि अनेकदा भाडेकरूलाही अग्रक्रयाधिकार असतो. त्यांना डावलून घर विकले गेले, तर ठराविक मुदतीत पुढे येऊन ते दस्तातल्या किमतीला घर मागू शकतात. तुमच्या दस्तात २,४०,००० असतील तर त्या किमतीला घर जाईल आणि हातावर दिलेले ६०,००० मागायला तुमच्याकडे कागद नसेल.

दुसरा कातास्त्रो या भूमापन खात्याचा. घराचा २० अक्षरांचा भूमापन क्रमांक घेऊन वकिलाकरवी ‘संदर्भ मूल्य’ काढा. २०२१ च्या करचुकवेगिरीविरोधी कायद्याने १ जानेवारी २०२२ पासून हस्तांतरण कर दस्तातली किंमत आणि संदर्भ मूल्य यांपैकी जी रक्कम मोठी तिच्यावर लागतो. आपल्या रेडी रेकनरचा हा सख्खा भाऊ. बाजारभावाच्या पुढे जाऊ नये म्हणून ते ठरवताना ०.९ चा गुणक लावतात, म्हणजे ते बाजारभावाच्या जवळच असते.

आता पहिल्या पायरीतला हिशेब पुन्हा करा. संदर्भ मूल्य २,७०,००० निघाले, तर दस्तात २,४०,००० लिहूनही कर २,७०,००० वरच भरायचा. तुमची बचत ४,२०० वरून २,१०० वर आली. विकणाऱ्याच्या नफ्याचा हिशेब मात्र दस्तातल्या किमतीवरच होतो, म्हणून त्याचा आग्रह कायम राहतो.

दोन गोष्टींत गल्लत करू नका. वार्षिक घरपट्टी ज्यावर लागते ते भूमापन मूल्य वेगळे आणि बरेच कमी असते. दलाल कधी कधी तोच आकडा दाखवून ‘सरकारी किंमत एवढीच’ म्हणतो. उलट, कधी संदर्भ मूल्य खऱ्या किमतीहून जास्त निघते, उदाहरणार्थ घर मोडकळीला आलेले असेल तेव्हा. अशा वेळी कर संदर्भ मूल्यावर भरावा आणि मग दुरुस्तीचा अर्ज करून परतावा मागावा. त्यासाठी मूल्यांकनाचा अहवाल लागतो.

पायरी ४ : मूल्यांकन करून घ्या

स्पेनच्या मध्यवर्ती बँकेकडे नोंदलेल्या मूल्यांकन कंपनीकडून घराची किंमत काढून घ्या. काही शे युरो जातात, पण तीन कामे होतात. विकणाऱ्याने मागितलेली किंमत जास्त असेल तर घासाघीस करायला आधार मिळतो. कर खात्याने पुढे विचारले तर उत्तर तयार असते. परदेशात राहणारा मराठी माणूस स्पॅनिश बँकेचे कर्ज घेणार असेल, तर बँक दस्तातली किंमत आणि मूल्यांकन यांपैकी लहान आकडा धरते. अनिवासीला त्याच्या साधारण ६० ते ७० टक्के मिळतात. किंमत ६०,००० ने कमी लिहिली तर कर्जही ३६,००० ते ४२,००० युरोंनी घटते. ती रक्कमही स्वतःच्या खिशातूनच उभी करावी लागते.

पायरी ५ : भारतातून जाणाऱ्या पैशाचे वेळापत्रक

कमी किंमत लिहिण्याचा मोह भारतीय ग्राहकाला बऱ्याचदा इथे होतो. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत, म्हणजे एलआरएसमध्ये, एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरच बाहेर पाठवता येतात. ३,००,००० युरोंचे घर त्या मर्यादेत बसत नाही. मग ‘थोडे पैसे दुसऱ्या मार्गाने’ असा सल्ला देणारा कोणीतरी भेटतोच.

सरळ मार्ग दोन आहेत. नवरा-बायकोने किंवा आई-मुलाने आपापली मर्यादा वापरून एकत्र घर घ्यावे. परदेशातील गुंतवणुकीच्या २०२२ च्या नियमांत नातेवाइकांच्या रकमा एकत्र करण्याची मुभा आहे. दोघांची नावे आणि दोघांचे हिस्से दस्तात लिहावेत. नाहीतर सौदा ३१ मार्चच्या दोन्ही बाजूंना पसरवावा, विसार मार्चमध्ये आणि उरलेली रक्कम एप्रिलमध्ये. पाठवलेली रक्कम वापरली किंवा गुंतवली गेली नाही तर १८० दिवसांत परत आणावी लागते, हे ध्यानात ठेवा.

बँकेत ए-टू फॉर्म भरताना कारण ‘परदेशातील स्थावर मालमत्ता’ असेच लिहा. ‘नातेवाइकाचा सांभाळ’ किंवा ‘भेट’ लिहून पाठवलेल्या पैशातून घर घेतले, तर पुढे कागद जुळत नाहीत. वर्षाला १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. १ कोटी पाठवले तर ९० लाखांवर १८ लाख. हा कर विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. म्हणून सौद्याच्या रकमेबरोबर हाही पैसा आधीच मोजून ठेवा.

मागितलेली रोख रक्कम कायदेशीरपणे नेण्याचा रस्ता नाही. भारतातून स्पेनला जाताना एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच परकीय नोटा नेता येतात. युरोपीय संघात १०,००० युरो किंवा जास्त रोख नेली तर सीमाशुल्क खात्याला सांगावे लागते. मग ६०,००० युरो उरतात ते हवालाच्या वाटेने. फेमा या परकीय चलन कायद्याखाली त्यासाठी गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. परदेशातील बेकायदा मालमत्तेच्या किमतीएवढी भारतातली मालमत्ता जप्त करण्याचा अधिकारही २०१५ पासून सक्तवसुली संचालनालयाला आहे.

पायरी ६ : विसाराचा करार पूर्ण किमतीचा

स्पेनमध्ये विसाराच्या कराराला आर्रास म्हणतात. साधारण १० टक्के रक्कम देतात. त्यात माघारीचा करार असेल, तर घेणारा फिरला की विसार बुडतो आणि विकणारा फिरला की त्याने दुप्पट परत द्यायचा, अशी तिथल्या दिवाणी संहितेच्या कलम १४५४ ची तरतूद आहे. आता हातावर दिलेल्या रकमेचा विचार करा. ती विसारात लिहिलेलीच नाही, मग दुप्पट कशाची मागणार?

करारात हा आशय घालायला सांगा : ‘विक्रीची एकूण किंमत ३,००,००० युरो आहे. याव्यतिरिक्त घर, फर्निचर किंवा अन्य कशासाठीही कोणतीही रक्कम देय नाही. हीच किंमत खरेदीखतात नमूद होईल. संपूर्ण रक्कम बँक हस्तांतराने किंवा बँकेच्या धनादेशाने दिली जाईल.’

काही जण दोन कागद करतात, खासगी करारात खरी किंमत आणि खरेदीखतात कमी. आपल्याजवळ पुरावा राहिला, असे घेणाऱ्याला वाटते. पण स्पॅनिश दिवाणी संहितेच्या कलम १२३० प्रमाणे नोटरीच्या दस्तातले ठरलेले बदलण्यासाठी केलेला खासगी कागद तिऱ्हाइताविरुद्ध चालत नाही. कर खात्याच्या हाती लागला तर मात्र तो तुमच्याच सहीचा कबुलीजबाब ठरतो.

पायरी ७ : रोखीची मागणी आलीच तर

मागणी बहुधा शेवटच्या आठवड्यात येते, विमानाचे तिकीट काढून झालेले असते तेव्हा. अशा वेळी हा क्रम ठेवा.

एक, तोंडी हो-नाही न करता वकिलामार्फत लेखी उत्तर द्या : ‘करारात ठरलेल्या किमतीनेच दस्त होईल.’ करारात सहाव्या पायरीतली अट असेल तर माघारीचा दोष विकणाऱ्याकडे जातो.

दोन, विकणारा म्हणाला की ‘मला कर जास्त पडतो’, तर तो कर त्याच्या नफ्यावरचा आहे, हे स्पष्ट सांगा. घर घ्यायचेच असेल तर किमतीवर उघड घासाघीस करा. ३,०४,००० वर सौदा मिटला आणि सगळे कागदावर आले, तरी पहिल्या पायरीतल्या हिशेबात तुम्ही पुढेच असता.

तीन, फर्निचरचा मुद्दा आला तर खरोखर मिळणाऱ्या वस्तूंची यादी करा आणि प्रत्येकीची खरी वापरलेली किंमत लिहा. सोफा, फ्रिज, पलंग यांचे ५,००० युरो समजण्यासारखे आहेत. ६०,००० चे फर्निचर लिहिणे म्हणजे तीच लबाडी वेगळ्या नावाने.

चार, समोरचा कंपनी किंवा व्यावसायिक असेल तर त्याला रोखीच्या मर्यादेची आठवण द्या. २०२१ पासून १,००० युरो आणि त्याहून जास्तीच्या अशा व्यवहारात रोख चालत नाही. व्यवसायासाठी खरेदी न करणाऱ्या अनिवासी व्यक्तीसाठी हा आकडा १०,००० आहे. दंड रोख दिलेल्या रकमेच्या २५ टक्के, आणि देणारा-घेणारा दोघेही जबाबदार. तीन महिन्यांच्या आत जो आधी कळवेल तो सुटतो. म्हणजे समोरच्याने कळवले तर दंडाला तुम्ही एकटे उरता. दोन खासगी व्यक्तींमध्ये ही मर्यादा लागू नाही, पण तिथेही रोख दिलेली रक्कम दस्तात लिहावीच लागते.

पाच, एवढे करूनही तो अडून बसला तर घर सोडा. विसाराचे पैसे वकील मागेल.

पायरी ८ : नोटरीसमोरचा दिवस

पूर्वीच्या किश्शांत नोटरी कॉफी प्यायला बाहेर जात आणि खोलीत नोटा मोजल्या जात. आज नोटरीला पैसे देण्याचा मार्ग दस्तात लिहावा लागतो आणि धनादेश व हस्तांतराच्या प्रती जोडाव्या लागतात. ते नसेल तर नोंदणी अडते. नोटऱ्यांच्या संघटनेची काळा पैसा रोखणारी मध्यवर्ती यंत्रणा २००५ पासून आहे. संशयास्पद दस्त तिथून पुढे कळवले जातात.

तुम्ही करायचे ते असे. दस्ताचा मसुदा दोन दिवस आधी मागवा आणि भाषांतर करून वाचा. स्पॅनिश येत नसेल तर दुभाषा सोबत ठेवा. मसुद्यात चार आकडे तपासा : एकूण किंमत, आधी दिलेला विसार, आज दिली जाणारी रक्कम आणि विकणारा अनिवासी असल्यास कापलेली रक्कम. पहिला आकडा उरलेल्या तिन्हींच्या बेरजेइतका आला पाहिजे. धनादेश त्याच खात्यातून निघालेला हवा ज्यात भारतातून पैसे आले. सही झाल्यावर दस्ताची अधिकृत प्रत घ्या.

पायरी ९ : दस्तानंतरचे कर

हस्तांतरण कर घेणाऱ्याने स्वतः भरायचा असतो. मुदत प्रदेशाप्रमाणे बदलते, म्हणून ती वकिलाकडून तारखेसह लेखी घ्या. कर भरल्याच्या पावतीशिवाय नोंदणी होत नाही.

विकणारा स्पेनबाहेरचा असेल तर किमतीच्या ३ टक्के कापून एका महिन्यात २११ क्रमांकाच्या फॉर्मने भरणे ही तुमची जबाबदारी. ३,००,००० वर ९,००० युरो. कापले नाहीत, तर विकणाऱ्याच्या थकीत करासाठी घरच तारण धरले जाते. जमिनीच्या वाढीव मूल्यावरचा नगरपालिकेचा करही अशा वेळी घेणाऱ्याकडून वसूल होतो. म्हणून तेवढी रक्कम दस्ताच्या वेळीच राखून ठेवा.

कमी किंमत लिहिल्याचे चार वर्षांच्या मुदतीत उघड झाले तर चुकवलेला कर, व्याज आणि चुकवलेल्या कराच्या ५० ते १५० टक्के दंड लागतो. एका करात चुकवलेली रक्कम १,२०,००० युरोंच्या वर गेली तर प्रकरण फौजदारी होते.

पायरी १० : भारतातल्या विवरणपत्रात नोंद

भारतात राहणाऱ्याने परदेशातील घर विवरणपत्रातल्या ‘शेड्यूल एफए’मध्ये दरवर्षी दाखवायचे असते, भाडे येत नसले तरी. त्यात कॅलेंडर वर्ष धरतात. खरेदीची किंमत स्टेट बँकेच्या टीटी बाइंग दराने रुपयांत लिहितात. दस्तातली किंमत, बँकेने पाठवलेली रक्कम आणि इथे लिहिलेली किंमत हे तीन आकडे जुळले पाहिजेत.

२०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली, ज्या गुंतवणुकीचा स्रोत सांगता येत नाही तेवढ्या परदेशी मालमत्तेवर ३० टक्के कर आणि कराच्या तिप्पट दंड आहे, म्हणजे एकूण १२० टक्के. हातावर दिलेल्या ६०,००० युरोंवर ७२,०००. आणि मूल्य धरतात ते खात्याला कळले त्या वर्षीचे. घर महागले असेल तर आकडाही फुगतो. नोंदच केली नाही तर वेगळा १० लाख रुपये दंड होऊ शकतो. लहान रकमांना २०२४ मध्ये दिलेली सूट स्थावर मालमत्तेला नाही. जाणूनबुजून करचुकवेगिरी केल्यास ३ ते १० वर्षे सक्तमजुरीची तरतूद आहे आणि हा गुन्हा काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या कायद्यातही येतो.

आधीच कमी किंमत लिहून झाली असेल तर

नोटीस येण्याची वाट पाहू नका. स्पेनमध्ये आपण होऊन पूरक कर भरला तर दंड लागत नाही, अधिभार लागतो. पहिल्या वर्षात १ टक्का आणि प्रत्येक पूर्ण महिन्यामागे आणखी १, वर्षानंतर १५ टक्के आणि व्याज. दस्ताची दुरुस्ती नोटरीकडे होते, पण विकणाऱ्याची सही लागते. तो अर्थातच टाळाटाळ करील. भारतातल्या बाजूसाठी परदेशी मालमत्तेची कामे केलेला सीए आणि फेमाचा वकील, दोघांना एकत्र बसवा. एकाने केलेली दुरुस्ती दुसऱ्या कायद्यात कबुली ठरू शकते.

गोवेकरांसाठी पोर्तुगालची टीप

पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेली अनेक गोवेकर कुटुंबे लिस्बनकडे घर पाहतात. तिथेही हस्तांतरण कर दस्तातली किंमत आणि सरकारी करमूल्य यांपैकी मोठ्या रकमेवर लागतो आणि दस्तात पैशाचा मार्ग लिहावा लागतो. रोखीची मर्यादा मात्र अधिक व्यापक आहे. ३,००० युरो आणि त्याहून जास्तीचा व्यवहार रोखीने करता येत नाही, व्यक्ती-व्यक्तींमध्येही. अनिवासी व्यक्तीसाठी हा आकडा १०,००० आहे. तिथली आणखी एक तरतूद जास्त जबर आहे. किंमत खोटी लिहिल्यामुळे खरे मूल्य करासाठी धरलेल्या मूल्यापेक्षा किमान ३० टक्क्यांनी किंवा ५,००० युरोंनी जास्त होते असे सिद्ध झाले, तर शासन किंवा नगरपालिका न्यायालयामार्फत ते घर स्वतः घेण्याचा हक्क मागू शकते.

सही करण्यापूर्वीची अखेरची तपासणी

विसार करार, खरेदीखताचा मसुदा, बँकेची हस्तांतर पावती, भरायच्या कराचा हिशेब आणि भारतातल्या विवरणपत्रात लिहायच्या नोंदीचा कच्चा कागद असे पाच कागद समोर ठेवा. पाचही ठिकाणी किमतीचा हिशेब एकच निघतो का, एवढेच पाहा. निघत नसेल तर सही पुढे ढकला. कागदाबाहेर दिलेल्या पैशाचा फायदा विकणारा त्याच दिवशी घरी घेऊन जातो. त्याचा कर, दंड आणि धास्ती घर नावावर असेपर्यंत तुमच्याकडे राहते. खऱ्या किमतीत परवडत नसेल तर ते घर आपल्यासाठी नाही, असे समजून लहान घर शोधा.